दुसरी भाषा म्हणजे कुणाची?

अध्यापक महाविद्यालयातल्या मुलामुलींना कृतिसंशोधनाचा एखादा विषय घ्यावा लागतो. निवडीची वेळ आली की बहुतेकांची धाव शुद्धलेखनाकडे जाते. 'इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या मराठी लेखनातील चुका : कारणे व उपाय' या शीर्षकात शाळेचे नाव तेवढे बदलायचे. पंचवीस मुलांना उतारा घालायचा, चुका मोजायच्या, दोन आठवडे सराव घ्यायचा आणि पुन्हा मोजायच्या. चुका हटकून कमी झालेल्या असतात. (न होऊन सांगतात कुणाला! प्रबंधाला गुण असतात.)

हाच उतारा देवळाली कॅम्पातल्या एखाद्या शाळेत घालायचा म्हटला, की पंचाईत सुरू होते. लॅम रोडने नुसती एक चक्कर मारली तरी कानावर चार-पाच भाषा पडतात. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेली सिंधी कुटुंबे इथेच रुजली. हवापालटाला येणाऱ्या पारशांनी आपली गुजराती आणली. तोफखान्याच्या प्रशिक्षण केंद्रामुळे देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला जवान बायकामुलांसह इथे येतो आणि दोन-तीन वर्षांत बिऱ्हाड उचलून निघून जातो. शेजारच्या भगूरची मराठी आहेच. भाषाशुद्धीची मोहीम चालवणारे सावरकर १८८३ साली जन्मले ते भगूरला, या सरमिसळीच्या अगदी वेशीवर, ही गंमत मला नेहमी वाटत आली आहे. खुद्द देवळालीचे नावही परभाषेत गेले. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथल्या तळावर कुजणाऱ्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरत, म्हणून चळलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणू लागले. नावाचा हा अपभ्रंश थेट शब्दकोशात जाऊन बसला. त्या सोल्जरांचे गुण कुणी कापले नाहीत.

बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी कॅम्पातल्या शाखेत होतो. पैसे काढायची स्लिप मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत छापलेली असे, आणि तेवढ्याने सगळ्यांची सोय झाली असे साहेब लोक समजत. एका सिंधी घराण्याची तीन खाती माझ्या टेबलाशी होती. आजोबांची सही उजवीकडून डावीकडे जाणारी, सिंधीच्या बावन्न अक्षरांच्या अरबी वळणाच्या लिपीतली. मुलाची इंग्रजीत. नातू शाळेत मराठी शिकत होता आणि सही देवनागरीत करी. तिघे घरात बोलत सिंधीच, पण आजोबांनी लिहिलेली चिठ्ठी नातवाला वाचता येत नसे. उलट जवानांच्या उत्तरेकडच्या बायका मराठी मजकूर घडाघडा वाचून दाखवत, लिपी हिंदीचीच म्हणून. अर्थ मात्र मला विचारत. ऐकून कळणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे ही चार निरनिराळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात आपोआप वळती होत नाही, हे मी काउंटरवर शिकलो.

आता चुकांकडे पाहू. 'मी शाला त गेलो' असे मुलाने लिहिले, की मास्तर लाल शाईने तीन ठिकाणी फुल्या मारतात. हिंदीत रोजच्या वापरात ळ नाही. हिंदीत 'में' नामापासून तोडून लिहितात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटण्याआधी 'शाळा'चे 'शाळे' करून घेतो. हिंदीत लिंगे दोन, आपल्याकडे तीन. 'ते झाड' हे तिसरे प्रकरण त्या मुलाने कधी ऐकलेलेच नसते. म्हणजे त्याने केला तो निष्काळजीपणा नव्हे. एक भाषा नीट शिकलेले मूल तिचे नियम दुसरीला लावून पाहत होते. चुका मोजणाऱ्याला आकडा मिळतो, हे दिसत नाही. ते दिसायला प्रत्येक चुकीशेजारी मुलाच्या घरची बोली आणि त्याने प्रथम गिरवलेली लिपी लिहायला हवी. शाळेच्या जनरल रजिस्टरात 'मातृभाषा' हा रकाना असतो खरा, पण त्यात एकच शब्द मावतो.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला, गदारोळ झाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. दोन्ही वेळी कुणाची भाषा कुणावर लादली जाते यावर आपण तावातावाने बोललो. ते बोलायला हवेच होते. पण सहा वर्षांचे मूल दुसऱ्या भाषेतले पहिले वाक्य वाचते कसे, हा प्रश्न त्यात कुठे नव्हता.

तो कॅम्पापुरताही नाही. नाशिकमध्ये शिकलेल्या शिक्षकाची पहिली नेमणूक पेठ-सुरगाण्याकडे झाली, तर तिथे कोकणा बोलणाऱ्या मुलांना क्रमिक पुस्तकातली मराठीच दुसरी भाषा असते. अशा वेळी मॅक्सीन बर्नसन यांची आठवण होते. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी फलटणमध्ये निरनिराळ्या समाजांतले लोक मराठी कशी बोलतात याचा डॉक्टरेटसाठी अभ्यास केला आणि पुढे १९८४ मध्ये तिथेच प्रगत शिक्षण संस्था काढून मुलांना लिहावाचायला शिकवण्यात आयुष्य घातले. आधी कान लावला, मग फळ्यापाशी गेल्या. आपल्या अध्यापक महाविद्यालयांत हा क्रम नेमका उलटा असतो.

आमच्या शेजारची एक मुलगी यंदा बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि छात्रसेवेसाठी कॅम्पातल्या एका शाळेत जाते. विषय अर्थातच शुद्धलेखन. उतारे तपासताना एका हवालदाराच्या मुलीची वही तिला चमत्कारिक वाटली. वर्गशिक्षिकेने 'वाचन-लेखन कच्चे' असा शेरा मारलेला. 'घर'चे 'गर', 'भात'चा 'बात' अशा चुका पानभर. पण ळ एकदाही चुकलेला नाही, प्रत्ययही जागच्या जागी चिकटलेले. वर्गातली हिंदीभाषक मुले नेमकी तिथेच घसरत होती. चौकशी केल्यावर कळले, की पोर पहिली दोन वर्षे आंध्रात आजीपाशी राहून तेलुगू शाळेत शिकली आहे. तेलुगूत ळ आहे, प्रत्ययही शब्दाला जोडूनच येतात; महाप्राण तेवढे बोलण्यात सैल पडतात. तिला तेलुगू गोष्टीचे पुस्तक दिले तर न अडखळता वाचून दाखवले. शाळेत हे कुणाला ठाऊकच नव्हते.

आता ही आमची शेजारीण विषय बदलायचा म्हणते. पंचवीस उतारे ठेवून द्यायचे आणि या एका मुलीबरोबर सत्र संपेपर्यंत बसायचे. मार्गदर्शक म्हणतात, नमुना फार लहान आहे, एका पोरीवर संशोधन होत नसते. मी तिला अर्ज लिहून दिला आहे. अर्ज लिहिण्यात हयात गेली, तेवढे तरी करता येते. उत्तर यायचे आहे. तोवर ती रोज मधल्या सुटीत त्या पोरीशेजारी बसून वाचन ऐकते आणि टिपणे काढते. हवालदारसाहेबांच्या बदलीचा हुकूम सत्र संपायच्या आत येऊ नये, एवढीच तिला धास्ती आहे.