मोठा टर्बो की योग्य टर्बो?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारींचे मेस्त्री आहेत. कला शाखेचा विद्यार्थी इंजिनावर लेख लिहितो हे पाहून काही वाचक हसतील. पण या विषयाची फी मी भरलेली आहे. ती कशी, ते ओघाने येईलच.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. पेट्रोल जळायला हवा लागते. साधे इंजिन ही हवा स्वतःच्या दमाने ओढून घेते. सायलेन्सरवाटे जो तप्त धूर वाया जातो त्यात मात्र पुष्कळ शक्ती शिल्लक असते. त्या धुराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवायचे आणि या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबायची, हा झाला टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. मोटारीतले हे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. हिशेब इतका सोपा दिसतो, आणि इथेच माणूस फसतो.

गेल्या वर्षी स्पर्धेत गाडी पळवणारे एक गिऱ्हाईक मोठा टर्बो बरोबर घेऊनच गॅरेजवर आले. (रस्त्यावरच्या गाडीत असे मनमानी फेरबदल करायला मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आडवे येते, ही गाडी केवळ स्पर्धेची होती.) आबांच्या मनात नव्हते. "एवढा मोठा कशाला, साहेब?" असे त्यांनी विचारलेही. गिऱ्हाईक हटून बसले, आणि आबांनी टर्बो बसवला. इंजेक्टर जुनेच राहिले. हवा वाढली, त्या मानाने पेट्रोल वाढले नाही. चौथ्या दिवशी पिस्टन वितळून त्याला भोक पडले. आबांनी नुकसान भरून दिले. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. सुट्टीभर मी त्याच गॅरेजात पाने-स्क्रू पुसले, तेव्हा कुठे फी भरता आली.

यंदा दुसरे गिऱ्हाईक आले. गाडी २००० सीसीची, पेट्रोलची. मातीच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर पळणारी. मागणी तीच, "मेस्त्री, सगळ्यांत मोठा टर्बो टाका." आबांनी दोन टर्बोंचे इंग्रजी कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "कॉलेजात जातोस न्हवं? मग वाच की."

त्या कागदावर जो आलेख असतो त्याला कॉम्प्रेसर मॅप म्हणतात. आडव्या रेषेवर मिनिटाला जाणाऱ्या हवेचे वजन आणि उभ्या रेषेवर हवा किती पट दाबली ते मांडलेले असते. मध्ये कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वलये. सर्वांत आतल्या वलयात टर्बो उत्तम काम करतो. डावीकडे सर्जची रेषा. तिच्यापलीकडे गेले की हवा उलटी उसळते आणि बेअरिंगला मार बसतो. उजव्या टोकाला टर्बोचा दम संपतो, मग तो हवा कमी देतो आणि तापवतो जास्त.

आता हिशेब. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेते. म्हणजे ६००० फेऱ्यांना २ लिटरचे इंजिन मिनिटाला ६००० लिटर हवा घेईल. प्रत्यक्षात ९० टक्के धरू, ५४०० लिटर. वजनात सुमारे सव्वासहा किलो. हवा दुप्पट दाबली आणि इंटरकूलरने थंड केली, तर सुमारे १२ किलो. मिनिटाला एक किलो हवेवर ढोबळ मानाने २२ अश्वशक्ती मिळते. तेव्हा ही झाली साधारण २६० अश्वशक्ती. ३००० फेऱ्यांना हवा निम्मी, म्हणजे ६ किलो.

हे दोन बिंदू मी दोन्ही कागदांवर मांडले. मोठ्या टर्बोवर १२ किलोचा बिंदू ठीक बसला, पण ६ किलोचा सर्जच्या रेषेपलीकडे पडला. शिवाय जड चक्राला वेग घ्यायला धूरही जास्त लागतो. वळणातून निघताना पाय दाबला तरी गाडी उठायची नाही, आणि उठेल तेव्हा पुढचे वळण आलेले असेल. मधल्या टर्बोवर दोन्ही बिंदू वलयांत बसले.

टर्बो ठरला तरी काम संपत नाही. ३० अंशांची हवा दुप्पट दाबली की सव्वाशे अंशांच्या आसपास तापते. अशा हवेत पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटते आणि इंजिन ठोकू लागते. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबील जेटफायर ही टर्बोची मोटार विक्रीला आली. ठोकणे थांबवण्यासाठी तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडावे लागे. मालक टाकी भरायला विसरत. १९६३ नंतर ती गाडी बंदच झाली. म्हणून इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, पेट्रोलचा पंप, हेड गॅस्केट आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरची जुळणी हा सारा खर्च आधी धरावा, आणि उरलेल्या पैशांत टर्बो निवडावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण इंजिनालाही लागू आहे.

गिऱ्हाइकाने कागद दोनदा पाहिला आणि मधला टर्बो घेतला. वाचलेले पैसे इंजेक्टरवर घातले. तीन स्पर्धा झाल्या, इंजिन अजून उघडावे लागलेले नाही.

आबा मला काही बोलले नाहीत. पण आता कोणी मोठ्या टर्बोची गोष्ट काढली की ते आधी विचारतात, "हवा किती लागतीया?" आणि उत्तर आले नाही, तर म्हणतात, "पोरगं कॉलेजातनं येऊ दे, मग बोलू."