मूकपटयुगातील एक नाट्यप्रासाद : शिकागो थिएटर

मूकपटांच्या काळातील चित्रपटगृहांचा इतिहास बहुधा चित्रपटांच्या इतिहासाचे परिशिष्ट म्हणून लिहिला जातो. वस्तुतः त्या काळी प्रेक्षक जे मूल्य देत, ते केवळ चित्रपटाचे नसे. अमेरिकेतील शिकागो शहराच्या मध्यवस्तीत, स्टेट स्ट्रीटवर उभे असलेले शिकागो थिएटर हे याचे उत्तम उदाहरण होय.

बालाबान व कॅट्झ यांच्या भागीदारीतील कंपनीने उभारलेले हे गृह २६ ऑक्टोबर १९२१ रोजी खुले झाले. कॉर्नेलियस व जॉर्ज रॅप हे बंधू त्याचे शिल्पकार. इमारतीस सुमारे ४० लाख डॉलर खर्च आला. आसने सुमारे ३,९०० होती. दर्शनी भाग पॅरिसच्या विजयकमानीचे स्मरण करून देतो, तर प्रवेशदालनाची कल्पना व्हर्साय येथील राजप्रासादातील प्रार्थनामंदिरावरून घेतलेली आहे. माफक दराचे तिकीट काढणाऱ्या सामान्य कुटुंबास घटकाभर राजवैभवाचा अनुभव द्यावा, हा त्यामागील हेतू होता.

दुसरे आकर्षण गारव्याचे. पूर्वी उन्हाळ्यात नाट्यगृहे ओस पडत. भागीदारांपैकी बार्नी बालाबान यांनी पूर्वी शीतगृहाच्या धंद्यात नोकरी केली होती. कंपनीने १९१७ मध्ये आपल्या सेंट्रल पार्क थिएटरात यंत्राच्या साहाय्याने हवा थंड करण्याची सोय केली आणि पुढे हीच सोय शिकागो थिएटरातही केली. त्यामुळे उन्हाळ्याचे मंदीचे दिवसही उत्पन्नाचे ठरले.

तिसरे आकर्षण संगीत. ‘मूकपट’ या शब्दावरून प्रेक्षागृहात शांतता असे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो यथार्थ नाही. उद्घाटनास नॉर्मा टॅलमज हिची भूमिका असलेला ‘द साइन ऑन द डोअर’ हा मूकपट दाखविण्यात आला, तेव्हा साथीस पन्नास वादकांचा वाद्यवृंद होता. वुर्लिट्झर कंपनीचा भव्य ऑर्गनही तेथे बसविलेला होता. शिवाय चित्रपटाच्या जोडीला रंगमंचावर नृत्यगायनादी कार्यक्रम होत. म्हणूनच केवळ पडदा टांगून न भागता प्रशस्त रंगमंच बांधावा लागला.

१९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ प्रदर्शित झाल्यानंतर बोलपटांचा प्रसार झपाट्याने झाला. ध्वनी यंत्रातून येऊ लागताच देशभरातील चित्रपटगृहांतील असंख्य वादकांची उपजीविका गेली. पुढे दूरचित्रवाणी आली, रहिवासी उपनगरांत गेले, आणि एवढे विशाल प्रेक्षागृह भरणे दुष्कर झाले. १९७९ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय सूचीत नोंद होऊनही ते १९ सप्टेंबर १९८५ रोजी बंद पडले. इमारत पाडली जाण्याचे भय निर्माण झाले.

तथापि जीर्णोद्धारानंतर १० सप्टेंबर १९८६ रोजी फ्रँक सिनात्रा यांच्या गायनाने ते पुन्हा खुले झाले, आणि आज ते प्रत्यक्ष प्रयोगांचे सभागृह म्हणून नांदत आहे. चित्रपटाच्या जोडीच्या कार्यक्रमांसाठी जो रंगमंच बांधला गेला, त्याच्याच आधारे ही वास्तू टिकली. केवळ पडद्यासाठी बांधलेल्या गृहास असा दुसरा जन्म लाभणे कठीण असते. जुन्या चित्रपटगृहांच्या भवितव्याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.