आजीचं लुगडं, बाळाची गोधडी

ऑक्टोबर संपत आला की मुंबईतल्या मॉलमध्ये आणि मोबाइलवरच्या दुकानांत दात विचकणारे भोपळे दिसू लागतात. त्यांच्या शेजारी सहा महिन्यांच्या बाळाच्या मापाचा भोपळ्याचा झगा, वटवाघळाचे पंख, चेटकिणीची टोकदार टोपी. सगळं तयार आणि घरपोच. वसई-विरारच्या ज्या घरांतली मुलं-सुना अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत, तिथं नातवाचा भोपळा झालेला फोटो हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या, सुमारास येऊन पोहोचतो. आजी तो कौतुकानं पाहते, सगळ्यांना दाखवते आणि मग हळूच विचारते, "अगं, पण हे भुताखेतांचं सोंग एवढ्याशा जिवाला कशाला?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर शोधायला वसईच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. हॅलोविन म्हणजे संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांचं स्मरण. ही दुसरी प्रथा फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी रुजवली. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य गेलं, पण ख्रिस्ती कुटुंबं इथंच राहिली आणि त्यांचे सणवारही राहिले. आजही २ नोव्हेंबरला वसईच्या गावोगावच्या दफनभूमीत लोक आपल्या माणसांच्या कबरी साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्याच सणाच्या आदल्या रात्री आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवू लागले. तिथली माणसं अमेरिकेत गेली, तेव्हा सलगमाची जागा भोपळ्यानं घेतली. एकाच झाडाची एक फांदी बाजारात गेली, दुसरी वसईत शांतपणे तेवत राहिली. हिंदू घरांतही पितृपंधरवडा बहुधा महिन्याभरापूर्वीच होऊन गेलेला असतो. गेलेल्यांना आठवण्याचे हे दिवस इथं कुणालाच परके नाहीत.

राहिला सोंगाचा प्रश्न. त्या रात्री हिंडणाऱ्या भुतांनी आपल्याला ओळखू नये म्हणून तिकडची माणसं मुखवटे चढवत, असं सांगतात. आपल्याकडे बाळाच्या गालावर तीट लावतात, मनगटात काळे मणी बांधतात, ते तरी वेगळं काय आहे? चांगल्या दिसणाऱ्या बाळाला मुद्दाम थोडं विद्रूप करायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. ज्या घरात आधीची मुलं दगावली, तिथं पुढच्या मुलाचं नाव धोंडू, दगडू, भिकू ठेवत. मृत्यूला वाटावं, ह्याचं कुणाला काही नाही. नव्या बाळाला नवं कापड न घालता आधी जुनं घालायचं, शक्य तर जिची मुलं धडधाकट आहेत तिच्या घरून मागून आणलेलं, ह्यामागेही तीच धास्ती होती. पाळण्यात घातलेलं मूल वर्ष काढील की नाही, याची खात्री नसण्याच्या काळातल्या ह्या रीती आहेत. आज लस आहे, दवाखाना आहे. धास्ती कमी झाली, पण बाळासाठी हातानं काही करावं ही ओढ मात्र गेली नाही.

त्या ओढीचं सगळ्यात जुनं रूप म्हणजे गोधडी. कुणी तिला वाकळ म्हणतं. वर-खाली दोन जुनी लुगडी, मध्ये धोतराचे, परकराचे, फाटक्या चादरीचे थर. जमिनीवर पसरून, सुरकुत्या काढून, कडेनं धावदोरा घालत आत आत यायचं. बाळासाठी तिचंच धाकटं भावंड, म्हणजे दोन-तीन पदरांचं दुपटं. ह्या सगळ्यात कापड जुनंच लागतं, आणि त्याला शकुनापलीकडचं कारण आहे. शेकडो वेळा धुतलेल्या सुती कापडातली खळ आणि जादा रंग निघून गेलेला असतो, धागा मऊ पडलेला असतो, ते पाणी चटकन टिपतं. बाळाच्या कातडीला याहून चांगलं काय मिळणार? वसईच्या दमट हवेत तर पातळ दुपटीच बरी, पावसाळ्यात निदान वाळतात तरी. नायलॉनच्या नि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या आणि गोधडीची पंचाईत झाली. त्या ना घाम टिपत ना ओल. जुन्या सुती साड्याही बोहारणीकडे जाऊ लागल्या आणि त्यांच्या बदल्यात स्टीलची पातेली आली.

गोधडी ही नुसती गरिबाची सोय होती, असं समजण्याचं कारण नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आहे. पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका 'कवदी' शिवतात, तीही कडेकडून आत. चारही कोपऱ्यांना त्या कापडाच्या घड्या घातलेली 'फुलं' टाचतात. त्या फुलांशिवाय कवदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. गरज भागल्यावरही आणखी चार टाके घालायचे, ते कौतुकाचे. गोधडीतली कला तिथून सुरू होते.

बाळाला सजवण्याचा हक्काचा सण म्हणजे बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही. काळं झबलं आणि त्यावर हलव्याचे दागिने : मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, मुलगा असला तर हातात बासरी. खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवरच्या परातीत घेऊन त्यावर थोडा थोडा साखरेचा पाक सोडत हातानं फिरवत राहायचं, तेव्हा कुठं काटा फुटतो. मग एकेक दाणा दोऱ्यात गुंफून पुठ्ठ्यावर शिवायचा. तास दोन तासांत बाळ रडून सगळं ओढून टाकतं, तो भाग वेगळा! भोपळ्याचा झगा शिवणारी तिकडची आजी आणि हलव्याचा मुकुट करणारी इकडची आजी एकमेकींना भेटल्या, तर भाषा कळायच्या आधी त्यांना एकमेकींच्या बोटांवरच्या सुईच्या खुणा कळतील.

पण आता हे करायचं कुणी? पहाटेची विरार लोकल गाठणाऱ्या आणि रात्री आठला घरी येणाऱ्या आईला "आमच्या वेळी आम्ही सगळं घरी करत होतो" असं ऐकवणं सोपं आहे. खरं तर 'आमच्या वेळी'ही बाळाची आई एकटी शिवत नव्हती. गोधडी घालायला आजी, आत्या, मावशी, शेजारच्या काकू अशा सगळ्या बसत. घरं लहान झाली, माणसं पांगली आणि ते सगळं काम एकटीच्या अंगावर आलं, म्हणून ते दुकानात गेलं. परत आणायचं असेल, तर वाटून आणायला हवं. आजोबा पुठ्ठा कापू शकतात, बाबांना धावदोरा शिकायला एक रविवार पुरतो, दादा-ताई चित्र काढतात. वसईत नाताळचा गोठा असाच होतो. गवत आणणारा एक, कागद चिकटवणारा दुसरा, दिव्यांची माळ सोडणारा तिसरा.

सोंग हवंच असेल तर भोपळाच कशाला? आपल्या वसईची राजेळी केळी आणि त्यांची सुकेळी प्रसिद्ध आहेत. जुन्या जांभळट साडीची पाकळ्या-पाकळ्यांची कुंची शिवली की बाळाचं केळफूल होतं. हिरवी साडी नेसलेली आई म्हणजे केळीचं पान, पिवळा सदरा घातलेले बाबा म्हणजे घड, लाल लुगड्यातली आजी तर आहे तशीच शोभते. खर्च दोन रीळ दोऱ्याचा.

हौस करताना आजचे डॉक्टर काय सांगतात, तेही ऐकायला हवं. पहिलं वर्ष बाळाला झोपवताना उताणं, घट्ट सपाट गादीवर झोपवावं. अंगावर सैल गोधडी, उशी, मऊ खेळणी ठेवू नयेत. तोंडावर येऊन श्वास कोंडण्याची भीती असते. गोधडी आहे ती जागेपणी, जमिनीवर पालथं पडून खेळायला. कुंचीचे बंद आखूड असावेत आणि झोपताना कुंची काढावी. बटणं, मणी, टिकल्या बाळाच्या कपड्यावर नकोतच. आतून सुटलेला दोरा बोटाभोवती आवळतो, म्हणून टाके तपासावेत. बाळाच्या चेहऱ्यावर मुखवटा चढवू नये. पणत्या-मेणबत्त्यांजवळ कृत्रिम धाग्याचा झगा तर मुळीच नको. तो पेटला की वितळून कातडीला चिकटतो. बोरन्हाणातली बोरं, हरभरे, हलव्याचे दाणे लहानग्यांच्या घशात अडकतात. डोक्यावरून ओतायला चुरमुरे घ्यावेत आणि तेही नंतर लगेच वेचून टाकावेत.

एवढं सांभाळलं, की गोधडीचा खरा गुण ध्यानात येतो. शेवटच्या आजारपणातले कपडे कुणी ठेवत नाही, पण पेटीतली लुगडी राहतात. कुणाची नऊवारी इंदुरी, कुणाचं सामवेदी ख्रिस्ती आजीचं लाल लुगडं. घडीवर घडी घालून आपण ती ठेवतो. टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत. जिनं बाळाला कधी पाहिलं नाही, त्या पणजीचा काठ बाळाच्या दुपट्याला लागतो. मूल बोलू लागलं, की एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारतं, "हे कुणाचं?" आणि घरातलं कुणीतरी सांगू लागतं. दफनभूमीतली मेणबत्ती, सर्वपित्रीचं पान आणि हे दुपटं, तिन्ही एकच काम करतात. पहिली दोन गेलेल्यांसाठी असतात, दुपटं नुकत्याच आलेल्यासाठी.

तेव्हा ह्या ऑक्टोबरात भोपळ्याचा झगा जरूर घ्या, फोटोही काढा. पण त्याआधी पेटी उघडा. बोहारीण दारात यायच्या आत एक सुती लुगडं बाजूला काढून ठेवा आणि ते कुणाचं होतं, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याला टाचून ठेवा. शिवायला वेळ पुढं मिळेलही. सांगणारी माणसं मात्र असेपर्यंतच सांगतात.