करीराचं झुडूप आणि उसनं मीठ

माउली, आषाढी द्वादशीला उपवास सोडताना ताटात वाघाट्याची भाजी असावी, ही आपली जुनी रीत. त्या दिवशी बाजारात वाघाट्याला काय भाव येतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षभर मात्र कुंपणावरच्या त्या वेलीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पानाच्या देठाशी दोन-दोन वाकडे काटे, वाघनखासारखे. म्हणून ती वाघाटी.

या वाघाटीचा एक भाऊ आहे. त्याचं नाव करीर. हिंदीत करील किंवा केर, आपल्याकडे काही भागांत नेपती म्हणतात. राजस्थान, पंजाब आणि कृष्णाची व्रजभूमी हे त्याचं घर. काटे तसेच जोडीजोडीनं, पण अंगावर पान नाही! कोवळ्या फांदीवर बारीकशी पानं येतात अन् लगेच गळतात. संस्कृत सुभाषितकारांनी म्हणूनच त्याला कमनशिबी ठरवलं, की वसंत आला तरी याला पालवी नाही. मला काही ते पटत नाही. वाळवंटात पान म्हणजे पाणी उडून जायची वाट. करीरानं ती वाट बंद केली आणि पानाचं काम हिरव्या फांद्यांकडे दिलं. सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात त्या फांद्याच. मुळं खोल जातात. ऐन चैत्राच्या उन्हात लाल फुलांनी झुडूप भरून जातं. लाकूडही असं, की वाळवी सहसा लागत नाही.

फळ कच्चं असताना हिरवं, कडवट. पिकलं की गुलाबी-लाल. कच्ची फळं मिठाच्या पाण्यात किंवा ताकात ठेवून कडूपणा काढतात. राजस्थानात त्यांची सांगरीबरोबर भाजी होते, व्रजात टेंटीचं लोणचं. आणि वेदकाळी पाऊस पडावा म्हणून जी कारीरी इष्टी करत, तिच्यात हीच फळं लागत. पाण्यावाचून जगणाऱ्या झाडाचं फळ घेऊन पाऊस मागायचा, बघा!

आता आपल्या जिल्ह्याकडे या. समुद्रपूर तालुक्यात गिरडचा डोंगर आहे. तिथल्या दर्ग्यात बाबा फरीद राहून गेले अशी लोकांची श्रद्धा. हिंदू जातात, मुसलमानही जातात. हे फरीदबाबा तेराव्या शतकातले, पंजाबात अजोधनला राहायचे. आज ते गाव पाकपट्टण म्हणून पाकिस्तानात आहे. त्यांच्या मठात खायला बहुतेक वेळा काय, तर करीराची उकडलेली फळं. तिकडे त्यांना डेला म्हणतात. एक शिष्य लाकडं आणी, एक पाणी, एक रानातून फळं वेची. शिजवायचं काम निजामुद्दीन यांच्याकडे, जे पुढे दिल्लीला औलिया म्हणून गाजले.

एके दिवशी घरात मीठ नव्हतं. कडू फळं, वर अळणी. गुरूंना कशी वाढायची? निजामुद्दीन यांनी वाण्याकडून चिमूटभर मीठ उसनं आणलं. भोजनाला बसल्यावर फरीदबाबांनी घास उचलला आणि हात तिथेच थांबला. म्हणाले, हात जड झालाय, यात काय घातलंय? शिष्यानं खरं ते सांगितलं. मग बाबांनी समजावलं, की फकिरानं जिभेसाठी ऋण करू नये, त्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं. घास भांड्यात परत ठेवला आणि भांडं समोरून उचलायला सांगितलं.