कर्नाळा : वाटेवर नजर ठेवणारा डोंगर

रायगड जिल्ह्यातील पनवेलपासून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे सुमारे बारा किलोमीटर गेले की, जंगलाने झाकलेल्या डोंगररांगेतून अंगठ्यासारखा वर निघालेला एक काळा सुळका दिसू लागतो आणि तीच कर्नाळ्याची खूण ठरते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या या डोंगरावर किल्ला बांधला गेला, तो केवळ उंचीमुळे नव्हे. पनवेलच्या खाडीत उतरणारा माल बोरघाट चढून देशावर जात असे, त्यामुळे खाडी आणि घाट यांमधील वाटेवर ज्याची नजर, त्याच्या हाती जकात आणि रसद, असे येथील राजकारणाचे सूत्र होते.

सुळका बेसाल्टचा, म्हणजे दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसापासून बनलेल्या खडकाचा आहे. माथ्यावर जागा इतकी तोकडी की, मोठा वाडा किंवा वस्ती तेथे मावणे अशक्यच होते. मात्र सुळक्याच्या पायथ्याशीच कातळ खोदून पाण्याची टाकी आणि धान्याची कोठारे तयार केलेली आहेत. कोकणात पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी उन्हाळ्यापर्यंत डोंगरावर टिकत नाही, म्हणून ते कातळातच साठवून ठेवण्याची ही युक्ती वेढ्याच्या काळात शिबंदीला, म्हणजे किल्ल्यावरील पहाऱ्याच्या सैन्याला, तारणारी होती. किल्ल्याच्या दारांशी एक मराठी आणि एक फारसी असे दोन शिलालेख आहेत. त्यांवरून सत्तांतराची कल्पना येते. सुळक्याच्या कड्यावर आग्या मोहोळे लटकलेली असतात आणि गोंगाटाने किंवा धुराने ती उठली तर जिवावर बेतते, हे येथे येणाऱ्याने मनावर घ्यायलाच हवे.

देवगिरीच्या यादवांपासून हा किल्ला अनेकांच्या ताब्यात गेला. त्यातला सर्वांत बोलका प्रसंग 1540 चा आहे. गुजरातच्या सुलतानाकडून अहमदनगरच्या निजामशाहाने कर्नाळा हिसकावला, तेव्हा गुजरातच्या अधिकाऱ्यांनी वसईच्या पोर्तुगीजांकडे मदत मागितली. पोर्तुगीजांनी कर्नाळा आणि पेणजवळचा सांकशी हे दोन्ही किल्ले जिंकले, पण ते राखण्याचा खर्च परवडेना, म्हणून वार्षिक रकमेच्या बदल्यात ते निजामशाहालाच देऊन टाकले. किल्ला जिंकण्यापेक्षा तो पोसणे किती जड होते, हे या व्यवहारातून दिसते. पुढे शिवाजी महाराजांनी तो घेतला, 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांमध्ये त्याचा समावेश झाला आणि 1670 मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. पेशवाईच्या अखेरीस, 1818 मध्ये, तो इंग्रजांच्या हाती पडला. त्या वेळचे किल्लेदार अनंतराव फडके यांचे नातू म्हणजे जवळच्याच शिरढोण गावी 1845 मध्ये जन्मलेले आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके होत.

तोफा शांत झाल्यावर महत्त्व उरले ते जंगलाचे. 1968 मध्ये येथे पक्षी अभयारण्य घोषित झाले; आरंभी ते साडेचार चौरस किलोमीटरच्या आतबाहेर होते आणि 2003 मध्ये वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या पुढे नेण्यात आले. साग, कोकम, आंबा, उंबर, पांगारा अशा झाडांच्या या पानझडी रानात हरियल, शामा, भृंगराज कोतवाल दिसतात आणि पावसाच्या सुरुवातीला ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्ले वाढवणारा चिमुकला तिबोटी खंड्या येतो. महामार्ग मात्र या अभयारण्यातूनच जातो, त्यामुळे रुंदीकरणाचा प्रत्येक प्रस्ताव हा रस्त्याइतकाच जंगलाचाही प्रश्न असतो आणि त्याकडे तसेच पाहिले गेले पाहिजे.

परिसरातील ठाकर व कातकरी वाड्यापाड्यांचे जीवन याच रानाशी बांधलेले आहे. पावसाळा सुरू झाला की शेवळे, भारंगी, करटोली अशा रानभाज्या रानातून वेचून बायका त्यांचे वाटे रस्त्याकडेला आणि पनवेलच्या बाजारात विकायला मांडतात. शेवळे घशाला खाजवू नयेत म्हणून त्यांत काकडे नावाची आंबट रानफळे घालण्याची रीतही गिऱ्हाइकाला त्याच सांगतात, आणि त्यामुळे भाजीच्या वाट्याबरोबर काकडेही बहुधा विकली जातात.