पाण्याच्या अंदाजासाठी नोंदी एकत्र हव्यात

शिरूर व दौंड तालुक्यांतील विहीर बागायतदारांपुढे ऑक्टोबरमध्ये एकच प्रश्न असतो, तो म्हणजे पाणी किती दिवस पुरेल? रब्बी कांद्याचे रोप किती टाकावे, उसाचा खोडवा ठेवावा की नाही, हे त्यावरच ठरते. अंदाज चुकल्यास मार्चमध्ये उभे पीक वाळते आणि बियाणे, खते व मजुरीचा खर्च वाया जातो.

अंदाजासाठी पाऊस, नदी, धरण व विहीर या चारही नोंदी लागतात. त्या वेगवेगळ्या खात्यांकडे असतात व त्यांची एककेही वेगळी असतात. कोठे विसर्ग क्युसेकमध्ये, तर कोठे घनमीटर प्रतिसेकंदात लिहितात. दोहोंत सुमारे ३५ पटींचा फरक आहे. ही अडचण दूर करण्यासाठी १९९५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला. त्यात महाराष्ट्राचा समावेश होता. नोंदी एकाच पद्धतीने घेऊन संगणकावर साठविणे हा त्याचा हेतू होता. २०१६ पासून हे काम देशभर राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प म्हणून हाती घेण्यात आले.

याचा उपयोग आपल्याच भागात दिसतो. रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेस मिळते. पुढे दौंडला मोजलेल्या विसर्गावरून उजनी धरणात किती पाणी येईल हे आधी कळते. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह २४ तास राहिला, तर १ टी.एम.सी. पाणी जमा होते.

विहिरींची गोष्ट मात्र वेगळी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरमध्ये मोजते. ऑक्टोबरची पातळी मागील ५ वर्षांच्या सरासरीशी ताडून संभाव्य टंचाईचा अंदाज काढला जातो. परंतु आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी मुरमात व भेगांत साठते, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींतही फरक पडतो. म्हणून शेतकऱ्यांनी स्वतः पुढीलप्रमाणे नोंद ठेवावी.

१) कठड्यावर रंगाने कायमची खूण करावी व दर वेळी तेथूनच मोजावे.

२) दर पंधरवड्यास, सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी, वजन बांधलेली टेप पाण्यापर्यंत सोडावी.

३) मापातून कठड्याची उंची वजा करावी. उदा. माप ७.४० मीटर व कठडा ०.९० मीटर असल्यास पाणी जमिनीपासून ६.५० मीटर खोल आहे.

४) पाऊस रोज सकाळी ८.३० वाजता मिलिमीटरमध्ये मोजावा. पाऊस नसल्यास शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये.

गावातील अशा नोंदी गट क्रमांक व तारखेसह ग्रामपंचायतीत एकाच वहीत उतरवाव्यात. विहिरीचे पाणी दुसऱ्यास सांगण्यास आपण कचरतो. परंतु एकट्याची नोंद स्वतःच्या विहिरीपुरतीच असते, तर वीस विहिरींच्या नोंदींवरून गावाचे भूजल समजते. दोन-तीन वर्षांत ऑक्टोबरची पातळी आणि विहीर आटल्याची तारीख यांचा मेळ लागेल, आणि कांद्याचे क्षेत्र रोप टाकण्यापूर्वीच ठरविता येईल.