नाटकाला घर कोणी दिले?

नाटक आधी जन्मते, त्याचे घर मागाहून बांधले जाते. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि तो आश्रय आटला. तेव्हा भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव निघाले व १८५३ साली मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाटकगृहात तिकीट लावून उभे राहिले. हे घर १८४६ साली उघडले होते, ते इंग्रजी खेळांसाठी. राजाची जागा प्रेक्षकाच्या पैशाने घेतली, हेच आम्ही मराठी रंगभूमीचे खरे वळण मानतो.

लंडनमध्ये हे वळण त्याआधी पावणेतीनशे वर्षे आले होते. १५७६ साली जेम्स बर्बेजने खास नाटकासाठी घर बांधले. पुढे जागेच्या मालकाशी बिनसले, तेव्हा मंडळींनी त्याची लाकडे उतरवून थेम्सपलीकडे नेली आणि १५९९ साली शेक्सपिअरचे ‘ग्लोब’ उभारले. एक पेनी देणारा अंगणात उभा राहून खेळ पाही. १६१३ साली ते जळाले, तरी वर्षभरात पुन्हा बांधले गेले. परंतु १६४२ साली पार्लमेंटने नाटकेच बंद केली. मग मात्र ते टिकले नाही. आपल्याकडे चित्रपट आला आणि पुण्याचे किर्लोस्कर नाट्यगृहही चित्रपटगृह झाले.

आपला बाळापूरचा किल्ला १७५७ साली पुरा झाला, आणि सैन्य गेले तरी तो उभा आहे. नाटकगृहाचे तसे नाही. त्याचा पाया प्रेक्षक. म्हणून नाटकगृह मागण्याआधी गावाने तिकीट काढून बसण्याची सवय जपावी, असे आम्हांस वाटते.